येणाऱ्या फोनचा हिशेब

२०१९ च्या ऑक्टोबरात देशभरातल्या फोनची रिंग अचानक आखूड झाली. हात पुसून, चष्मा शोधून फोनपर्यंत पोचेपर्यंत तो बंद पडलेला असायचा. घराघरांत कुरकुर झाली ती एवढीच. भांडण खरं कंपन्यांचं होतं. जिओने आपल्याकडून जाणाऱ्या फोनची रिंग वीस-पंचवीस सेकंदांवर आणून ठेवली होती. एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाचं म्हणणं, हा सरळसरळ डाव आहे. रिंग लवकर तुटली की समोरच्याला मिस्ड कॉल दिसतो, तो उलटा फोन लावतो, आणि त्या उलट्या फोनपायी त्याच्या कंपनीला जिओला पैसे मोजावे लागतात. तक्रारींनी काही हलेना, तेव्हा त्यांनीही आपली ४५ सेकंदांपर्यंत वाजणारी रिंग २५ वर आणली. शेवटी दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, म्हणजे ट्रायला, मध्ये पडावं लागलं. १ नोव्हेंबरला नियम निघाला : मोबाइलची रिंग ३० सेकंद, लँडलाइनची ६०.

मला या बातमीचं भारी अप्रूप वाटलं. कारण मिस्ड कॉल ही आम्ही गरिबांनी शोधलेली युक्ती आहे, अशी माझी तोवर समजूत होती. माझं गाव दापोली तालुक्यात. बाबा भांडुपला. आमच्या घरचं तेव्हाचं खातं असं : एक रिंग म्हणजे पोचलो, दोन रिंगा म्हणजे सवडीने फोन कर, आणि रिंग तुटतच नसेल तर काहीतरी गंभीर आहे, उचला. गणपतीच्या आधी एसटी पहाटे खेडला आली की बाबांची एक रिंग यायची आणि आई चुलीवर पाणी ठेवायची. एक पैसा खर्च न होता एवढा निरोप जायचा. त्याच एका रिंगेचा हिशेब दिल्लीत फायलींवर मांडला जातोय आणि मोठमोठ्या कंपन्या त्यावरून एकमेकींच्या उरावर बसल्यात, हे कळल्यावर हसावं की काय, ते समजेना.

पण हिशेब होता खरा, आणि तो समजून घेतल्याशिवाय मोबाइलच्या बिलाचं काहीच कळत नाही. फोनचा दर ठरवताना अंतर किती, टॉवरला वीज किती लागते, हे सगळं नंतर येतं. आधी ठरतं ते, पैसे कोणी द्यायचे. फोन लावणाऱ्याने, घेणाऱ्याने, की दोघांनी? आपल्याकडे गेल्या तीस वर्षांत याची उत्तरं पुन्हा पुन्हा बदलली आणि दर वेळी गिऱ्हाइकाची जात बदलली.

पहिलं उत्तर होतं, दोघांनी. ३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना फोन केला, तो देशातला पहिला मोबाइल कॉल. त्या काळात मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर असायचा आणि आलेला फोन घेतला तरी मीटर चालू. मुंबईत तेव्हा दोनच कंपन्या, बीपीएल आणि मॅक्सटच. माझे एक काका परळला एका कंत्राटदाराकडे सुपरवायझर होते. मालकाने त्यांना मोबाइल दिला होता आणि बिल बघून त्यांना झापायचाही तोच. फोन वाजला की काका पडद्यावरचा नंबर बघायचे, फोन कट करायचे आणि समोरच्या पानवाल्याकडचा, रुपया टाकून बोलायचा डबा गाठायचे. फोन खिशात आणि बोलणं डब्यावर. साइटवरचे लोक हसायचे, पण काकांचं गणित पक्कं होतं. लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावणाऱ्याला साध्या लोकल कॉलइतकाच भुर्दंड पडायचा. खरा खर्च उचलणाऱ्याचा. त्यामुळे कोणीही काकांना उगाच फोन करत बसायचं.

या दरात फोन श्रीमंतांच्याच खिशात राहणार हे उघड होतं. कंपन्यांनी परवान्यासाठी भरमसाट बोली लावल्या होत्या, त्या फेडता येईनात. १९९९ च्या दूरसंचार धोरणाने त्यांना सोडवलं : ठरावीक परवाना फी जाऊन त्याजागी उत्पन्नातला वाटा आला. (उत्पन्न म्हणजे नेमकं काय, यावर पुढे वीस वर्षं खटले चालायचे होते.) त्याच वर्षी ट्रायने फोन लावणाऱ्याने पैसे द्यावेत असा बदल करू पाहिला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. २००० च्या सुरुवातीला न्यायालयाने सांगितलं की परवान्याच्या अटी अशा बदलायचा अधिकार ट्रायला नाही. मग कायदा दुरुस्त झाला, ट्राय नव्याने उभी राहिली, वाद सोडवायला टीडीसॅट नावाचं वेगळं न्यायाधिकरण आलं. तोवर आमच्या गावात वाण्याच्या दुकानात एकच फोन होता. लग्नपत्रिकांवर त्याचाच नंबर, पुढे कंसात 'पी. पी.'. फोन आला की वाणी दहा मिनिटांनी परत करायला सांगायचा आणि पोरगं पिटाळायचा.

१ मे २००३ पासून आलेला फोन फुकट झाला. महाराष्ट्र दिन म्हणून नव्हे, योगायोगाने. पण माझ्या लेखी मोबाइलचा खरा जन्म तो. १९९५ चा तो फोन मंत्र्यांचा. हा आमचा.

फुकट म्हणजे पैसे कोणीच दिले नाहीत असं नव्हे. व्यवस्था अशी झाली की फोन लावणाऱ्याची कंपनी फोन घेणाऱ्याच्या कंपनीला दर मिनिटामागे काही पैसे देणार. याला आययूसी म्हणायचे. २००४ पासून हा दर ३० पैसे होता, २००९ मध्ये २० झाला, २०१५ मध्ये १४. ऐकायला चिल्लर वाटते, पण याच चिल्लरीने आमच्यासारख्यांना फोन दिला. कसं ते सांगतो. माझी आत्या कोणालाही फोन करायची नाही. मुंबईहून भाऊ करणार, पुण्याहून भाचा करणार, ती फक्त उचलणार. जुन्या हिशेबात असं गिऱ्हाईक कंपनीला परवडलंच नसतं. नव्या हिशेबात आत्याने उचललेल्या प्रत्येक मिनिटाचे पैसे तिच्या कंपनीला दुसऱ्या कंपनीकडून मिळत होते. आत्या नुसती बोलत बसली तरी कमाई. तिच्या हाती सिम देऊन ते चालू ठेवणं हा धंदा होता.

म्हणूनच २००५ च्या अखेरीस 'लाइफटाइम' निघाली. ९९९ रुपये एकदाच भरा, येणारे फोन आयुष्यभर चालू. करायचा दर चढा, पण करतंय कोण! बाबांनी बोनसमधून आत्याला हे कार्ड घेऊन दिलं आणि गावभर सांगत सुटले की आता बहिणीला मरेपर्यंत बघायला नको. ट्रायने मात्र लगेच २००६ मध्ये टाचणी लावली. हे आयुष्य गिऱ्हाइकाचं नाही, कंपनीच्या परवान्याचं. परवाना कधी संपतो ते गिऱ्हाइकाला सांगा. ते बारीक अक्षर वाचलं कोणी? मुंबईतल्या जुन्या बीपीएलची पुढे लूप मोबाइल झाली. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्या परवान्याची वीस वर्षं भरली आणि कंपनी आवरली. लाखो लोक रांगा लावून दुसरीकडे पोर्ट झाले.

मधली दहा वर्षं म्हणजे स्वस्ताईचा उत्सव. त्याबद्दल सगळ्यांना सगळं आठवतं, म्हणून भराभर सांगतो. २००१ मध्ये एमटीएनएलची डॉल्फिन आली, दुसऱ्या वर्षी बीएसएनएल. रिलायन्सने ५०१ रुपयांत हँडसेट हातात ठेवला. २००६ मध्ये एका रुपयात देशात कुठेही मिनिटभर. २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा लावला आणि बाकीच्यांनी नाकं मुरडत तेच केलं. सेकंदाच्या हिशेबाची सक्ती करावी की नाही यावर नियामकाचा विचार चालू असताना बाजाराने ते करून टाकलं, याचं श्रेय स्पर्धेला द्यायलाच हवं. दहा रुपयांचा छोटा रिचार्ज, नाण्याने खरवडायचं कार्ड, फुल टॉकटाइमचा दिवस, आणि दिवाळीला मेसेज-पॅक बंद ठेवून प्रत्येक शुभेच्छेमागे पैसे उकळणं, हेही त्यातलंच.

कोकणातल्या माणसाला मात्र या स्वस्ताईत एक खास खडा लागायचा. सरकारने मोबाइल सेवेसाठी देशाचे विभाग, म्हणजे सर्कल, पाडले, त्यात मुंबई वेगळं सर्कल आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासकट वेगळं. म्हणजे भांडुपहून पणजी आणि भांडुपहून दापोली, दोन्ही परमुलूखच. पहिली काही वर्षं मुंबईहून गावी फोन म्हणजे एसटीडी. २००५ च्या सुमारास राज्यातल्या राज्यातलं हे एसटीडी गेलं, रोमिंग राहिलं. गणपतीला गाडी पनवेल सोडून पेणकडे लागली की डब्यातले फोन एकामागून एक वाजायचे : रोमिंगमध्ये आपलं स्वागत आहे. आलेला फोन फुकट हा नियम खाडी ओलांडली की संपायचा. चाकरमानी त्यावर उपाय काढायचे, 'गावचं सिम'. ते पाकिटात रेशनकार्डाच्या झेरॉक्समागे असायचं, पेणला चढायचं आणि परतताना उतरायचं. बॅटरीचं झाकण नखाने उघडून, सिमचा कापलेला कोपरा अंधारात बोटाने चाचपून ते बसवणं ही एक कला होती. एसटीच्या धक्क्यात सिम सीटखाली पडलं की निम्मी गाडी वाकायची. पुढे दोन सिमचे फोन आले आणि ही सर्कस थांबली. रोमिंगचे दर ट्रायने टप्प्याटप्प्याने खाली आणले आणि नंतर स्पर्धेतच ते संपले.

दरम्यान दिल्लीत बरंच काही घडत होतं. २००८ च्या जानेवारीत वाटलेले १२२ परवाने सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ ला रद्द केले. महालेखापालांचा १ लाख ७६ हजार कोटींच्या तोट्याचा आकडा घरोघरी पोचला. डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडलं, ते तितकंसं पोचलं नाही. त्या परवान्यांवर आलेल्या कंपन्यांची नावं आज विचारली तर पोरांना सांगता येणार नाहीत. यापुढे स्पेक्ट्रम लिलावातच, असं ठरलं. ते योग्यच होतं, पण लिलावात ओतलेले पैसे शेवटी कोणाकडून वसूल होणार, हे कोणी मोठ्याने बोललं नाही.

मग ५ सप्टेंबर २०१६. जिओ आली, बोलणं फुकट. तिच्या नेटवर्कवर आवाजही डेटासारखाच जायचा, त्यामुळे मिनिटाला वेगळा दर लावायची तिला गरजच नव्हती. जुन्यांनी जोडणीच्या पुरेशा लाइनी दिल्या नाहीत, जिओचे फोन लागेनात, आणि ट्रायने एअरटेल, व्होडाफोन, आयडिया या तिघांना मिळून ३,०५० कोटींच्या दंडाची शिफारस केली. जिओचे लोक बाहेर फोन करत सुटल्यामुळे आययूसी तिलाच भरावी लागत होती. १ ऑक्टोबर २०१७ पासून ट्रायने हा दर १४ वरून ६ पैशांवर आणला आणि २०२० पासून शून्य करायचं ठरवलं. रिंगचं भांडण झालं ते या मधल्या काळात. त्याच ऑक्टोबरात जिओने बाहेरच्या फोनला गिऱ्हाइकांकडूनच ६ पैसे घ्यायला सुरुवात केली. शून्याची तारीख वर्षभर पुढे गेली, आणि १ जानेवारी २०२१ ला आययूसी संपली.

वर्तमानपत्रांनी ती ग्राहकाला आनंदाची बातमी म्हणून छापली. एका अर्थी होतीही. नव्या तंत्रात एक मिनिट पोचवण्याचा खर्च नगण्य, तेव्हा त्याचे पैसे एका कंपनीने दुसरीला का द्यावेत, हा युक्तिवाद मला आजही पटतो. पण आत्याच्या बाजूने बघा. तिने उचललेल्या मिनिटाची किंमत ३० पैशांवरून शून्यावर आली. जिला फोन येतात पण जी करत नाही, ती बाई आता कंपनीला काहीच मिळवून देत नाही. उलट तिच्यासाठी जुनं टू-जी चालू ठेवावं लागतं.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवा. ऑक्टोबर २०१७ मध्ये दर ६ पैसे. नोव्हेंबर २०१८ मध्ये एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाचं फर्मान : २८ दिवसांत किमान ३५ रुपयांचा रिचार्ज नाही केला तर आधी जाणारे, मग येणारेही फोन बंद. खात्यात शिल्लक असलेल्यांचं काय, असं ट्रायने विचारलं. कंपन्यांनी गिऱ्हाइकांना मेसेज पाठवून कळवलं, आणि पुढच्या काही महिन्यांत कोट्यवधी सिम मेली. त्यातली कित्येक माझ्या 'गावच्या सिम'सारखी जोडसिमं होती हे कबूल. त्यांच्यासाठी मी रडणार नाही. पण त्यातच लाइफटाइमवाल्याही गेल्या. एअरटेलवर ३५ चे पुढे ४९ झाले, ७९, ९९, १५५, आणि जुलै २०२४ च्या दरवाढीत १९९. महिना २८ दिवसांचा, म्हणजे वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज. १९९ गुणिले १३ म्हणजे २,५८७ रुपये. ९९९ मध्ये जन्मभर जे मिळणार होतं, त्याची ही वर्षाची पट्टी.

आत्याचा फोन मधेच लागेनासा झाला तेव्हा मी गावी गेलो होतो. पडवीत बसून मी तिला हे समजावत होतो आणि ती तांदूळ निवडत ऐकत होती. "अरे, पण मी कोणाला फोन करते? येतात तेवढे घेते. मग पैसे कसले?" मी आययूसी सांगायला गेलो. "ते तुझं ठेव. म्हणजे आता मला फोन आला तर त्यांना काही मिळत नाही, असंच ना?" मी म्हटलं, असंच. "मग मला कशाला ठेवतील?" ट्रायच्या शंभर पानी टिपणांत जे मी शोधत होतो ते तिने सुपात निवडून ठेवलं. मी तिचा रिचार्ज मारला. त्यात डेटाही मोफत होता. बटणाच्या फोनवर तो कुठे ओतायचा हे तिने विचारलं नाही, नशीब.

कंपन्यांची बाजू नाही असं नाही. आपल्याकडे एका गिऱ्हाइकामागे मिळणारं उत्पन्न जगात फार कमी आहे, स्पेक्ट्रम महाग आहे, आणि दहा-बारांपैकी आता खाजगी तीनच उरल्या आहेत, त्यातलीही एक कशीबशी. १९९९ च्या त्या 'उत्पन्नातल्या वाट्या'चा खटला सर्वोच्च न्यायालयात २४ ऑक्टोबर २०१९ ला संपला, थकबाकीचे डोंगर निघाले. व्होडाफोन आयडियाला ते फेडता येईनात, म्हणून सरकारने थकबाकीच्या बदल्यात शेअर घेतले. २०२५ मध्ये सरकारचा हिस्सा ४९ टक्क्यांजवळ पोचला. बीएसएनएल तर सरकारचीच. स्पेक्ट्रम विकणारं सरकार, परवाना फी घेणारं सरकार, दोन कंपन्यांत मालकी सरकारची. पंचानेच पॅड बांधावेत तसं हे झालंय. दर कमी झाले तर सरकारचीच गुंतवणूक बुडते, हे नाजूक दुखणं आहे.

आणि दर तर ट्राय ठरवतच नाही. कंपन्यांनी हवे ते दर लावावेत आणि सात कामकाजी दिवसांत कळवावेत, ही मोकळीक गेली वीसेक वर्षं आहे. डझनभर कंपन्या असताना ही मोकळीक गिऱ्हाइकाच्या कामाची होती. तीन कंपन्या आठवड्याभरात एकामागोमाग एक जवळपास सारख्याच टक्क्यांनी दर वाढवतात तेव्हा ती कोणाच्या कामाची आहे, हे ट्रायने स्वतःला विचारायला हवं.

काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. २८ दिवसांच्या लबाडीवर २०२२ मध्ये उतारा म्हणून निदान एक पॅक ३० दिवसांचा ठेवायला लावला. ज्या स्वस्त पॅकमध्ये मेसेजच नाहीत, त्यातूनही १९०० ला पोर्टचा मेसेज गेलाच पाहिजे असं बजावलं. नाहीतर गरीब गिऱ्हाईक कंपनी सोडूनही जाऊ शकत नव्हतं. आणि डिसेंबर २०२४ मध्ये सांगितलं की ज्यांना डेटा नको, त्यांच्यासाठी नुसतं बोलणं आणि मेसेज यांचा वेगळा पॅक ठेवा. तेव्हा देशात साध्या फोनवाले सुमारे १५ कोटी असल्याचं ट्रायनेच नोंदवलं होतं. कंपन्यांनी काय केलं? एअरटेलने ८४ दिवसांच्या ५०९ च्या पॅकमधला डेटा काढला आणि तो ४९९ ला लावला. ट्राय तपासणी करणार म्हटल्यावर ४६९. जिओनेही आपला ४५८ चा ४४८ केला. तपासणीच्या नुसत्या धाकाने काही दिवसांत तीस रुपये उतरतात, तर खऱ्या तपासणीने किती उतरतील?

पण आत्याचा प्रश्न या पॅकनेही सुटत नाही. तिला अमर्याद बोलणंही नकोय. तिला फोन यायला हवेत आणि १०८ लागायला हवा. त्याचा खर्च तिच्या कंपनीला आता कोणी देत नाही, हे मान्य. मग तो दुसरीकडून द्या. प्रत्येक कंपनी परवाना फीचा भाग म्हणून आपल्या उत्पन्नाचा ५ टक्के वाटा आजही एका निधीत भरते. त्याचं नाव आधी यूएसओ फंड होतं, आता डिजिटल भारत निधी. खेड्यापाड्यांत सेवा पोचावी म्हणूनच तो आहे. त्यातून टॉवर होतात, केबल पडते, हे ठीक. त्यातूनच, ज्यांचा फोन साधा आहे आणि ज्यांच्या नावावर दुसरं सिम नाही, त्यांना वर्षाला दोनशे-तीनशे रुपयांत येणारे फोन चालू ठेवणारा पॅक द्यायला काय हरकत आहे? नोंदी आहेत, कोणाच्या नावावर किती सिम हे सरकारला माहीत आहे. जोडसिमवाल्यांनी फायदा उपटण्याची भीती त्यामुळे फारशी उरत नाही. कंपन्या म्हणतील टू-जी आम्हाला बंदच करायचंय. करा की. फक्त त्याआधी आत्याच्या हातात, तिला दिसतील एवढ्या मोठ्या बटणांचा आणि फोर-जी चालणारा फोन कोण ठेवणार, ते लेखी द्या.